रक्तातील एक अक्षर आणि प्रकाशाची साक्ष

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, जेथे नागपूर, गोंदिया आणि चांदा फोर्ट या तीन दिशांनी येणारे लोहमार्ग एकमेकांस मिळतात, त्या नागभीड या तालुक्याच्या ठिकाणी उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीस प्रथम पडतात त्या धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळी बांधले गेलेले आणि आज सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने नोंदलेले जलाशय, आणि त्यांच्या पाठीशी घोडाझरीच्या डोंगरांपासून ब्रह्मपुरी व सिंदेवाहीच्या दिशेने पसरत गेलेले अरण्य. या मुलुखाविषयी लिहावयाचे म्हणजे वाघापासून आरंभ करावयाचा, अशी अलीकडे रूढी पडली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र याच जंगलपट्टीतील माणसांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिलेला एक दोष, तो दोष जेथे उगम पावतो ते डीएनएमधील एकच एक अक्षर, आणि ते अक्षर वाचण्यासाठी विज्ञानाने गेल्या चाळीस वर्षांत प्रकाशाकडून जी कामगिरी करून घेतली आहे ती, असा आहे. रोगाचे नाव सिकलसेल. ते नाव गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत कोणास समजावून सांगावे लागत नाही. ज्या घरांत हा आजार आहे त्या घरांतून ‘एएस पॅटर्न’ (वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द धान, पाऊस आणि कर्ज या शब्दांइतक्याच सहजतेने उच्चारले जातात.

मनुष्याची जनुकसंहिता तीनशे कोटींहून अधिक अक्षरांची आहे आणि ती लिहिण्यास निसर्गाने ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन ही चारच अक्षरे वापरली आहेत. अकराव्या गुणसूत्रावर रक्तातील हिमोग्लोबिनचा एक घटक घडविणारे जे जनुक आहे, त्यात एका ठराविक स्थानी ॲडेनीनऐवजी थायमीन आले, की त्या प्रथिनातील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलीन येऊन बसते. एवढ्याशा फेरबदलाने, प्राणवायू कमी होताच, हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे ताठ धागे बनतात, तांबड्या पेशीचा वाटोळा आकार मोडून ती विळ्यासारखी वाकते, आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून सुखाने वाहण्याऐवजी त्यांत अडकून पडते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही वाकडी पेशी दोन-तीन आठवड्यांतच नष्ट होते. हातापायांच्या सांध्यांत उठणाऱ्या असह्य वेदना, पुन्हापुन्हा होणारी कावीळ, वाढलेली प्लीहा, रक्तक्षय, लहानपणी साध्या संसर्गानेही जिवावर बेतणारे प्रसंग, ही सारी त्या एका अक्षराची संतती होय.

ज्यास हे सदोष जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळाले तो वाहक. त्यास सहसा कोणताही त्रास होत नाही, आणि म्हणूनच आपण वाहक आहोत हे त्यास तपासणीशिवाय कळण्याचा मार्ग नाही. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण निपजण्याचा संभव चारांत एक इतका असतो. हा दोष या अरण्यप्रदेशांत इतका रुजला याचे कारणही या भूमीतच आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले, की वाहकाचे रक्त हिवतापाच्या जंतूस सहजासहजी आसरा देत नाही. ज्या प्रदेशात हिवताप शतकानुशतके बालकांचा संहार करीत आला, तेथे वाहक तगले आणि त्यांच्यासोबत हे अक्षरही तगले. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार आजही गडचिरोली जिल्हा वाहतो, हे ध्यानी घेतले म्हणजे गोंड, माडिया, परधान या समाजांत आणि विदर्भातील इतर अनेक जातिसमूहांत हा दोष का आढळतो याचा उलगडा होतो. ज्या गुणाने पूर्वजांस जगविले तोच गुण दोन्ही बाजूंनी आला असता नातवंडांस मारक ठरतो. यात कोणाचा अपराध नाही, कुळाचा कलंक तर मुळीच नाही.

या रोगाचा इतिहास म्हणजे एका अर्थाने पाहण्याच्या साधनांचाच इतिहास आहे. १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, ते साध्या सूक्ष्मदर्शकाच्या बळावर. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्‌क्षेत्रात या हिमोग्लोबिनची चाल निराळी असल्याचे सिद्ध करून रेणूच्या पातळीवरील रोग ही कल्पना वैद्यकास दिली. १९५६-५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी प्रथिनातील तो नेमका बदल हुडकून काढला. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली, आणि विदर्भाचे नाव या विषयाच्या जागतिक वाङ्‌मयात आले ते १९५८ साली, जेव्हा नागपूरचे शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला शोधनिबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे या रोगाची वर्दी सरकारला आणि समाजाला मिळून साठांहून अधिक वर्षे लोटली आहेत.

उपकेंद्रांतून आणि आश्रमशाळांतून आजही जी प्राथमिक तपासणी होते, तिचे तत्त्व प्रकाशाचेच आहे. बोटाच्या टोकातून काढलेले रक्त एका द्रावणात मिसळतात. त्या द्रावणातील रसायन प्राणवायू हिरावून घेते, आणि सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते न विरघळता द्रावण गढूळ करते. नळीमागे धरलेल्या कागदावरील काळ्या रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्त निर्दोष, अंधुक झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे असे मानावयाचे. स्वस्त, झटपट, विजेची गरज नसलेली अशी ही परीक्षा असली, तरी गढूळपणा वाहकाचा की रुग्णाचा हे तिला सांगता येत नाही, आणि नवजात बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच बहुतांश असल्यामुळे तेथे ती निरुपयोगी ठरते. त्यासाठी पुढची पायरी म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एचपीएलसी नावाचे यंत्र असते. ते निरनिराळ्या हिमोग्लोबिनांना एका नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडावयास लावते, आणि त्या प्रत्येकाने ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश किती शोषून घेतला याचे मोजमाप करून कोणते हिमोग्लोबिन किती टक्के हे कागदावर उमटविते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत साई शिव गोर्थी यांच्या प्रयोगशाळेने याच शोषणतत्त्वावर, परंतु गावपातळीवर नेता येईल असे लहान उपकरण विकसित केले आहे, हा या दिशेने झालेला स्वदेशी प्रयत्न होय.

तथापि ही सारी परीक्षा प्रथिनाची झाली. मूळ अक्षराची नव्हे. बहुसंख्य रुग्णांचे निदान प्रथिनावरून बिनचूक होते, आणि डीएनए तपासल्यावाचून काही अडते असा समज करून घेणे योग्य होणार नाही. परंतु काही प्रसंगी प्रथिनाची साक्ष अपुरी पडते. ज्या मुलास नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढविले आहे, त्याच्या रक्तात दात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते. सिकलच्या जोडीला थॅलसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराचे जनुक आले असेल, तर केवळ टक्केवारीवरून निर्णय करणे संदिग्ध होते. आणि गर्भातील बाळ, ज्याच्या शरीरात हा दोष अद्याप प्रकटच व्हावयाचा आहे, त्याच्याविषयी काही सांगावयाचे तर जनुकाकडेच जावे लागते. दोघेही वाहक असलेल्या नागभीड तालुक्यातील एखाद्या तरुण दांपत्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रश्न हा असा डीएनएच्या दाराशी येऊन उभा राहतो.

ते दार उघडण्याचा इतिहास सिकलसेलशी निगडित आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गर्भाच्या डीएनएवरून निदान करण्याचा एक मार्ग १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील यूएट वाय कान आणि आंद्रे डोझी यांनी दाखविला तो याच रोगाच्या बाबतीत. त्यानंतर डिसेंबर १९८५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध होऊन पीसीआर या क्रांतिकारक तंत्राची जगास ओळख झाली, त्याचा विषयही सिकलसेलचे निदान हाच होता. डीएनएच्या हव्या त्या तुकड्याची एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा क्रमाने प्रत काढीत गेल्यास तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात, आणि मग त्यातील एक अक्षर तपासणे आवाक्यात येते. ज्या तंत्राने पुढे कोविडच्या काळात साऱ्या जगास विळखा घातलेला विषाणू हुडकला, त्याची पहिली जाहीर परीक्षा या उपेक्षित रोगावर झाली होती.

मात्र त्या काळी डीएनए दिसे तो किरणोत्सारी फॉस्फरसाच्या साह्याने. तुकड्यांना किरणोत्सारी खूण लावावयाची, अंधारात छायाफितीवर त्यांची छाप उमटू द्यावयाची, तासन्‌तास आणि कधी दिवसेन्‌दिवस वाट पाहावयाची, असा तो खटाटोप होता. त्या फॉस्फरसाचे तेज चौदा दिवसांत निम्म्यावर येते. त्याची साठवण, विल्हेवाट, परवाने आणि कर्मचाऱ्यांची सुरक्षा यांचा व्याप एवढा, की मोठ्या शहरातील मोठ्या संस्थेबाहेर असे काम होणे अशक्य. या कोंडीतून सुटका केली ती प्रकाशाने. काही रंगद्रव्यांवर एका रंगाचा प्रकाश टाकला असता ती दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देतात. या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉइड स्मिथ, लिरॉय हूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या चार अक्षरांना चार निरनिराळ्या प्रतिदीप्त रंगांच्या खुणा लावल्या आणि लेसरच्या किरणापुढून ते तुकडे धावू देऊन जो रंग चमकेल त्यावरून अक्षर ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. विषारी खूण गेली, वाट पाहणे सरले, आणि वाचन यंत्राच्या हाती आले.

पुढील दहा वर्षांत या प्रकाशाने आणखी एक मजल मारली. रसेल हिगुची यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पीसीआरच्या नळीवर जंबुपार प्रकाश टाकून कॅमेऱ्याने तिचे उजळत जाणे टिपले, आणि प्रत काढण्याची क्रिया चालू असतानाच तिचे फळ पाहता येते हे सिद्ध केले. नंतर आलेल्या शोधक खुणांनी तर एका अक्षराचाही भेद उघड केला. अशा खुणेच्या एका टोकास प्रतिदीप्त द्रव्य असते आणि दुसऱ्या टोकास ते तेज गिळून टाकणारे दुसरे द्रव्य. टोपलीखाली झाकलेल्या कंदिलाप्रमाणे ती एरव्ही काळोखी राहते, परंतु आपले जुळते अक्षर सापडून ती डीएनएला चिकटली, की प्रत काढणारे विकर तिचे तुकडे करून झाकण दूर सारते आणि प्रकाश बाहेर पडतो. निर्दोष अक्षरास एक रंग आणि सदोष अक्षरास दुसरा रंग दिला, की वाहकाच्या नळीतून दोन्ही रंग येतात, रुग्णाच्या नळीतून केवळ एक. नळीकडे पाहणाऱ्या यंत्रास आता पंडिताची गरज उरत नाही. आणि येथेच या तंत्रज्ञानाचे सामाजिक महत्त्व आहे. ज्या विद्येस प्रारंभी किरणोत्सारी द्रव्ये, अंधारखोली आणि दीर्घ प्रशिक्षण लागत होते, ती एका प्रकाशस्रोतापुरती, एका गाळणीपुरती आणि एका प्रकाशसंवेदकापुरती सुटसुटीत झाली.

ही सुटसुटीत झालेली विद्या गावापर्यंत नेता येते याचा पुरावा मराठीच्या शेजारघरीच आहे. गोव्यातील वेर्णे येथील मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र विजेरीवर चालते, वातानुकूलित खोलीची अट घालीत नाही आणि लहानशा चिपवर पीसीआर करून त्यातील प्रतिदीप्ती मोजून सुमारे तासाभरात उत्तर देते. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्यास मान्यता दिली, आणि कोविडच्या साथीत ते देशभरातील लहान दवाखान्यांत पोहोचले. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती व सौविक मैती यांनी विकसित केलेल्या ‘फेलूदा’ या चाचणीची कथा तर अधिक बोलकी आहे. जनुक कापणाऱ्या क्रिस्पर विकराचा उपयोग करून एका अक्षराचा फरक ओळखण्याची ती युक्ती मुळात सिकलसेलसारख्या दोषासाठी शोधली जात होती. २०२० साली साथ आली तेव्हा ती विषाणूकडे वळविण्यात आली आणि कागदाच्या पट्टीवर उमटणाऱ्या रेघेने तिचे उत्तर देशाने पाहिले.

प्रकाशाची ही विद्या सर्वांत उंच शिखरावर नेण्याचे श्रेय ज्या दोघा केंब्रिजकरांस जाते, त्यांतील एक, शंकर बालसुब्रमणियन, मद्रास येथे जन्मलेले आहेत. डेव्हिड क्लेनरमन यांच्यासमवेत त्यांनी १९९८ साली सोलेक्सा ही संस्था काढली. काचेच्या पृष्ठभागावर डीएनएचे कोट्यवधी तुकडे रोवून, त्यांत एका वेळी एकच रंगीत अक्षर जोडून, प्रत्येक पायरीवर साऱ्या पृष्ठभागाचे छायाचित्र घ्यावयाचे, असे त्यांचे तंत्र. मानवी जनुकसंहितेचा पहिला प्रकल्प १९९० ते २००३ अशी तेरा वर्षे चालला. आज याच तंत्राने एका व्यक्तीची संहिता एक-दोन दिवसांत वाचता येते. भारतातील दहा हजार व्यक्तींच्या संहिता वाचणारा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प याच पायावर उभा राहिला आणि त्यात आदिवासी समूहांचाही समावेश झाला. त्याचे मोल सिकलसेलच्या दृष्टीनेही आहे. कारण भारतातील सिकल जनुक ज्या भोवतालच्या अक्षररचनेसह आढळते ती आफ्रिकेतील रचनांहून भिन्न आहे, आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते, आणि तरीही विदर्भातील पुष्कळ मुलांचा आजार तीव्र का असतो, या प्रश्नाचे उत्तर त्या एका अक्षराच्या पलीकडे कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे.

येथवर विज्ञानाची हकीकत झाली. आता दप्तराची पाहू. महाराष्ट्र शासनाने २००८-०९ च्या सुमारास सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम हाती घेऊन तो टप्प्याटप्प्याने वाढविला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा रोग दिव्यांगत्वाच्या यादीत घातला. चंद्रपूर येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिन-विकारांसाठीचे संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र स्थापन होऊन डिसेंबर २०२२ मध्ये ते राष्ट्रास अर्पण करण्यात आले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. १७ राज्यांतील चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा त्याचा संकल्प आहे. या साऱ्यांमागे ज्या नागरिकांची चिकाटी उभी होती, त्यांत नागपूरचे संपत रामटेके यांचे नाव अग्रभागी घ्यावयास हवे. सिकलसेलग्रस्तांच्या हक्कांसाठी त्यांनी वेचलेल्या आयुष्याची दखल २०१८ साली मरणोत्तर पद्मश्रीने घेतली गेली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा मुलांवरील परिणाम अभ्यासला, आणि हे औषध कमी मात्रेतही वेदनांचे झटके घटविते हे आपल्याच मुलांच्या बाबतीत दाखवून दिले.

म्हणजे निदानाचे यंत्र आहे, उपचाराचे औषध आहे, कायदा आहे आणि अभियानही आहे. उणीव आहे ती या चौघांच्या भेटीची. नागभीडहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. त्या दोन गावांना जोडणारी नॅरोगेजची गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून रुग्णाचा प्रवास रस्त्यावरच अवलंबून राहिला. गर्भनिदानासाठी नमुना घ्यावयाची वेळ गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास येते. त्याआधी पती-पत्नी दोघांचेही पॅटर्न ठाऊक असावे लागतात, ते ठाऊक होण्यासाठी एचपीएलसीचा अहवाल हाती पडावा लागतो, आणि तो अहवाल ज्या पावसाळ्यात रोवणीची धांदल असते त्याच पावसाळ्यात यावयाचा असेल, तर दिवस निघून जातात. मजुरी बुडवून गेलेला माणूस ‘पुढल्या आठवड्यात या’ हे वाक्य ऐकून परतला, की तो पुन्हा येईलच याची शाश्वती कोणी द्यावी? लेसरची गती सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर असली, तरी अहवालाची गती खेड्याच्या वाटेने ठरते.

यातील दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी पूर्वी सिकलसेलची व्यापक तपासणी झाली, वाहकांनी एकमेकांशी विवाह टाळावेत असा सल्ला देण्यात आला, आणि काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा वाहकांचे आपसांतील विवाह तपासणी झालीच नसती तर जितके झाले असते तितकेच झाल्याचे आढळले; कारण डागाच्या भयाने लोकांनी आपली ओळख लपविली होती. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरविताना ‘वाहक’ हा शब्द कसा वापरला जाईल, हे सांगावयास भविष्यवेत्त्याची आवश्यकता नाही. तपासणीआधी समुपदेशन, संमती आणि गोपनीयता या गोष्टी यंत्राच्या किंमतीत धरल्या जात नाहीत, म्हणून त्या ऐच्छिक ठरत नाहीत. ज्या माणसाच्या रक्ताचे गुपित आपण प्रकाशात आणतो, त्याच्याच हाती ते प्रथम सोपविले पाहिजे, आणि त्याच्या भाषेत, मग ती गोंडी असो, माडिया असो वा झाडीबोली असो, सोपविले पाहिजे.

गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय व राणी बंग यांनी आरंभीच्या काळात सिकलसेलचे सर्वेक्षण करून त्याचे येथील अस्तित्व पुढे आणले. परंतु लोकांना त्या क्षणी जे दुःख जाणवत होते त्यापासून संशोधन सुटे पडले तर ते लोकांचे होत नाही, हा धडाही त्यांनी त्याच अनुभवातून घेतला आणि जाहीरपणे सांगितला. डीएनएच्या प्रकाशीय वाचनास तो धडा आज तंतोतंत लागू आहे. अमेरिका आणि ब्रिटन यांनी २०२३ साली क्रिस्परवर आधारलेल्या जनुकोपचारास मान्यता दिली, त्याची अमेरिकेतील किंमत एका रुग्णास सुमारे बावीस लाख डॉलर आहे. भारतीय संशोधक स्वस्त पर्याय घडविण्याच्या उद्योगात आहेत आणि त्यांना यश चिंतावे तेवढे थोडे. पण नागभीड, चिमूर, आरमोरी किंवा भामरागड येथील मूल तोवर थांबू शकत नाही. त्याला हवे आहे ते जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच टाचेतील रक्तबिंदूवरून निश्चित निदान, पहिल्या वर्षापासून पेनिसिलिन व लसी, अखंड मिळणारे हायड्रॉक्सियुरिया, आणि ताप येताच धाव घेण्यास जवळचा दवाखाना.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. क्षयरोगासाठी आणि कोविडसाठी ज्या ग्रामीण रुग्णालयांत प्रतिदीप्ती मोजणारी यंत्रे पोहोचली, त्याच यंत्रांवर सिकलच्या एका अक्षराची परीक्षा होऊ शकेल अशी तजवीज करावी. चंद्रपूरच्या केंद्राने या परीक्षेची प्रमाणता तपासून तालुक्यांना प्रशिक्षण द्यावे. अहवाल किती दिवसांत रुग्णाच्या हाती पडला याची नोंद तपासण्यांच्या संख्येइतक्याच आस्थेने ठेवावी आणि ती जिल्हा परिषदेच्या सभेत वाचून दाखवावी. आणि प्रत्येक अहवालासोबत तो समजावून सांगणारा, त्याच गावची भाषा बोलणारा माणूस पगारावर नेमावा. प्रकाशाने आपले काम केले आहे. अंधारात दडलेले अक्षर त्याने निर्विवादपणे दाखवून दिले आहे. यापुढील काम अर्थसंकल्पाचे, नेमणुकांचे आणि निष्ठेचे आहे, आणि ते करावयास कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.